पाऱ्याचं आवरतं घेणं

"बाबा, उद्यापासून आवरतं घ्यायचं," सून म्हणाली, आणि पाऱ्याच्या हातातला चहाचा कप तोंडापाशी जाऊन थांबला.

"आवरतं म्हणजे?"

"म्हणजे कमी. या आठवड्यात नेहमीच्या निम्मं पळायचं. पुढच्या आठवड्यात त्याच्याही निम्मं. आणि शेवटी शेवटी तर पाय वर करून नुसतं बसायचं."

"आणि मग शर्यत?"

"आणि मग शर्यत."

ही काय रीत झाली! माणसाने महिनोन्‌महिने घाम गाळायचा, पहाटे उठून थंडीवाऱ्यात तंगड्या तोडायच्या, आणि ऐन वेळी हात आखडता घ्यायचा? परीक्षा तोंडावर आली की कोणी पुस्तकं माळ्यावर टाकतं का? पाऱ्याने हे सगळं बोलून दाखवलं, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. सुनेवर ढिम्म परिणाम झाला नाही. ती शाळेत खेळ शिकवायची. दिवसभर शे-दीडशे पोरांचा गलका ऐकणारी बाई, एका सासऱ्याच्या आरडाओरड्याने तिचं काय होणार! तिने आपला चहा संपवला, कप विसळला आणि म्हणाली, "थकलेलं शरीर शर्यतीत न्यायचं नसतं, बाबा. पाय ताजे होऊ द्या."

पारा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. धंद्यातल्या लोकांनी ठेवलेलं. हातावर घ्या, हातावर ठरत नाही. बशीत ठेवा, बशीत ठरत नाही, असा एकेक माणूस असतो ना, त्यातला हा. घरांना रंग द्यायचं काम. पन्नाशी उलटली तरी शिडीची एक पायरी सोडून चढायचा. जेवताना निम्मा वेळ उभा. फोनवर बोलायचं तर घरभर येरझाऱ्या. त्याचा कामातला जोडीदार म्हणजे अगदी दुसरं टोक. भिंतीतल्या भेगा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण घाई म्हणून कशाचीच नाही. कोणी काही विचारलं की आधी म्हणणार, "सावकाश." तेच त्याचं नाव पडलं. पारा आणि सावकाश एकाच शिडीच्या दोन बाजूंना उभे राहिले की घरमालकांची हसून पुरेवाट व्हायची. काम मात्र चोख व्हायचं.

पळण्याचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते एका जिन्यात. लिफ्ट बंद होती, खांद्यावर रंगाचा मोठा डबा होता, आणि वरच्या मजल्याच्या अलीकडे त्याला अशी काही धाप लागली की डबा खाली ठेवून तो कठड्याला धरून उभा राहिला. तेव्हा त्याला एक आवाज ऐकू आला. छातीतून येणारा, बारीक शिट्टीसारखा. इकडेतिकडे बघितलं, जिन्यात दुसरं कोणी नव्हतं. आणि आवाज तर चांगला ओळखीचा होता. त्याच्या वडिलांचा.

वडीलही रंगारीच. जन्मभर जुन्या भिंती खरवडल्या, पॉलिश पेपरने घासल्या, आणि नाकाला कधी फडकं म्हणून बांधलं नाही. ती सगळी धूळ गेली कुठे? शेवटची दोन-तीन वर्षं त्यांना आडवं होता यायचं नाही. आतल्या लहान खोलीत खाटेवर, भिंतीला डोकं टेकून, ते बसून असायचे आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसा एकेक श्वास ओढायचे. तो आवाज साऱ्या घरात भरलेला असायचा. ते गेले, खाट गेली, खोलीत रंगाचे डबे आले. भिंतीवर त्यांच्या डोक्याचा तेलकट डाग मात्र राहिला.

जिन्यातून पारा तसाच घरी आला. दुसऱ्या दिवशी सुनेला म्हणाला, "मला पळायला शिकव." ती हसली, मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. आधी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, फुंकायला लावलं, फोटो काढला. म्हणाले, छाती स्वच्छ आहे, वय झालंय आणि पोट सुटलंय, एवढंच. पाऱ्याने मान डोलावली आणि एक अक्षर खरं मानलं नाही. वडिलांच्या डॉक्टरांनीही सुरुवातीला हेच सांगितलं होतं.

मग त्याने आपली आपणच परीक्षा ठरवली. दहा किलोमीटर. न थांबता, न चालता. जमलं तर छाती आपली. नाही जमलं तर वडिलांची. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच. लोकांना वाटायचं, म्हातारचळ लागलाय. सावकाश तर तोंडावर म्हणायचा, "दिवसभर शिडीवर नाचतोस ते कमी पडलं का रे?" पारा हसून सोडून द्यायचा. एक मात्र खरं, पळताना डोक्यात काही यायचं नाही. पाय हलत असले की छातीकडे लक्ष जायचं नाही. म्हणूनच ते आवरतं घेणं त्याच्या जिवावर आलं होतं.

पहिले दोन-तीन दिवस त्याने कसेबसे काढले. तिसऱ्या की चौथ्या सकाळी मात्र घर डोक्यावर घेतलं. नळ गळत नव्हता तो उघडून बघितला, मग तो गळायला लागला. दारांच्या बिजागऱ्यांत तेल सोडलं. बायकोचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले, तर तिला हळद सापडेना.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही पळत होतात तेच बरं होतं. निदान तेवढा वेळ घर जागेवर असायचं."

त्यातून दुखणी सुरू झाली. कधी नव्हे ते गुडघ्यात कळ आली. ती गेली तर टाच धरली. टाच सुटली तर पोटरीत गोळा. त्याने सुनेला शाळेत फोन लावला, मधल्या सुट्टीची वाटसुद्धा बघितली नाही.

"होतं असं, बाबा. सगळ्यांना होतं. पळणं कमी झालं की माणूस नको तिथे कान लावून बसतो."

कान लावून बसतो! तिने सहज म्हटलं, पण पाऱ्याने घाईने फोन ठेवला. कारण तो खरोखरच कान लावून बसत होता. खुर्चीत बसला की श्वास ऐकायचा. आत गेला, बाहेर आला. शिट्टी वाजली का? नाही. की वाजली? पुन्हा एकदा घेऊन बघायचा. मुद्दाम खोल श्वास घेतला की घसा खवखवायचा, मग खोकला यायचा, मग वाटायचं, झालं, सुरू झालं. पेपर हातात घ्यायचा तर दोन ओळींपुढे जायचा नाही. बसल्या जागी पाय हलायचे. एका जागी आठवडा काढणं म्हणजे काय शिक्षा असते ते ज्याच्या अंगात वारं आहे त्यालाच कळेल.

कामावर जायला मुभा होती, हलकं काम असेल तर. त्या वेळी एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचं काम चालू होतं. डॉक्टर सुट्टीवर गेलेले, खुर्च्या झाकलेल्या, भिंतींना पिवळसर रंग द्यायचा. सावकाशने सकाळी पहिला हात मारला आणि खालच्या टपरीवर चहाला गेला. जाताना सांगून गेला, "भिंतीला हात लावू नकोस. ब्रश धुऊन ठेव."

ब्रश धुवायला असा कितीसा वेळ लागणार? धुतले, पुसले, ओळीने लावले. सावकाशचा पत्ता नाही. पाऱ्याने भिंतीला बोट लावून बघितलं. सुकल्यासारखी वाटली. वाटली म्हणजे वाटून घेतली त्याने. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलेला माणूस, की बाई, पहिला हात पुरता सुकू द्या, वरून सुकलेली दिसते पण आत ओली असते. त्याच माणसाने रोलर बुडवला आणि दुसरा हात सुरू केला.

दोन-चार वेळा वरखाली केलं न केलं, तोच रोलरला खालचा रंग पापुद्र्यासारखा चिकटून आला. तो सारखा करायला गेला तर आणखी निघाला. सावकाश परत आला तेव्हा ऐन दर्शनी भिंत महारोग झाल्यासारखी दिसत होती, आणि पारा रोलर हातात घेऊन तिच्यासमोर चोरासारखा उभा होता.

सावकाशने रोलर घेतला, बादलीत टाकला. मग पाऱ्याची पिशवी आणून त्याच्या हातात दिली.

"घरी जा."

"अरे, मी खरवडून देतो ना."

"काही नको. ती शर्यत होऊन जाऊ दे, मग ये. तोवर भिंतींना तुझ्यापासून जपायला हवं."

"भिंतीचं सोपं आहे रे," पारा वैतागून म्हणाला. "तिला ठाऊक नसतं शर्यत कधी आहे ते."

सावकाश हसला, पण पिशवी काही परत घेतली नाही.

पारा भर दुपारी घरी आला. बायको एका कपड्यांच्या दुकानात कपडे घट्ट-सैल करून द्यायचं काम करायची, ती संध्याकाळशिवाय यायची नाही. मुलगा कामासाठी बाहेरगावी, सून शाळेत. घरात चिटपाखरू नाही. पारा बसला, उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला. श्वास ऐकला. मग धुतलेले ब्रश ठेवायला म्हणून लहान खोलीत गेला.

डाग समोरच होता. वडील गेल्यावर पाऱ्याने त्यावर दोनदा रंग मारला होता आणि दोन्ही वेळा तो वर आला होता. यायचाच. तेलाचा डाग पाण्यातल्या रंगाला जुमानत नाही. आधी भिंत खरवडायची, धुवायची, तेलातला प्रायमर मारून तो वाळू द्यायचा, मगच रंग. हे पाऱ्याला का माहीत नव्हतं? पण त्या खोलीत तेवढा वेळ थांबणार कोण! प्रत्येक वेळी घाईघाईने एक हात मारायचा आणि काढता पाय घ्यायचा.

आज मात्र वेळच वेळ होता. आणि त्या दिवशी पळायला मनाई होती, खरवडायला कुठे होती? त्याने डबे बाहेर काढले, खरवडायची पट्टी घेतली. मास्क दवाखान्यातच राहिला होता. फडकं शोधायला हवं होतं. "थोडंसंच तर आहे," असं म्हणून त्याने भिंतीला पट्टी लावली.

काय बरं वाटलं म्हणून सांगू! आठवड्याभराची सगळी तडफड हातात उतरली. डागाभोवतीचं खरवडलं, मग वाटलं अख्खी भिंत करू. भिंत झाली तसं छत दिसायला लागलं. शिडी आणली. छताचा जुना चुना पोपडे धरून होता, तो डोक्यावर, डोळ्यांत, नाकात कोसळत राहिला. मग पॉलिश पेपर. खिडकीतून येणारं ऊन धुळीने घट्ट झालं. पारा खोकत होता आणि घासत होता, घासत होता आणि खोकत होता. किती वेळ गेला त्याचं त्यालाच कळलं नाही.

बायको दारात उभी राहिली तेव्हा तो शिडीवर होता. पांढराफटक. पापण्यासुद्धा पांढऱ्या. तिला बघून काहीतरी बोलायला गेला आणि खोकल्याची अशी उबळ आली की शिडी धरून खाली उतरावं लागलं. उबळ थांबेना. आणि ती थांबता थांबता, मध्येच, छातीतून शिट्टी वाजली. दोघांनीही ऐकली.

"बाहेर या," ती म्हणाली.

तिने त्याला मोरीवर नेऊन बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं, चूळ भरायला लावली. मग फुटली.

"तोंडाला काही बांधलं का नाही?"

"थोडंसंच होतं गं."

"थोडंसंच! मामंजीही हेच म्हणायचे. थोडंसंच आहे सूनबाई, आत्ता होईल. जन्मभर थोडंसंच!" तिने हातातला तांब्या खाली आपटला. "आणि तुम्ही कशासाठी पळताय ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? त्या जिन्यातून आलात ना, त्याच दिवशी कळलं मला. तोंड बघितलं होतं मी तुमचं. तो आवाज मलाही येतो ओळखता. तुमच्यापेक्षा जास्त येतो. त्यांच्या पाठीवर हात ठेवून मी बसत होते. तुम्ही नव्हतात तिथे."

पाऱ्याने तोंडावरचं पाणी हाताने निपटलं. अक्षर न्‌ अक्षर खरं होतं. वडिलांच्या आजारपणात तो उजाडायच्या आत घर सोडायचा आणि जेवायच्या वेळेला परतायचा. कामं फार आहेत म्हणायचा. कामं काही एवढी नव्हती. त्याला तो आवाज सोसायचा नाही. त्या आवाजापासून पळण्याचा सराव त्याने तेव्हापासूनच चालवला होता, फक्त पायात बूट नव्हते.

सून आली. तिने खोली बघितली, सासऱ्याचा खोकला ऐकला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "शर्यतीच्या आदल्या दिवशी खोकला असला तर पळायचं नाही."

"मी पळणार."

"बाबा, मग मला शिक्षक म्हणू नका. धुळीने भरलेली छाती घेऊन मी शाळेतल्या पोरालासुद्धा पळवत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, धुळीने नळ्या चिडल्यात, वाफ घ्या, गप्प बसा, उतरेल. आत काही नाही. मात्र छाती भरल्यासारखी वाटली तर पळू नका, उगाच शौर्य नको. घरी येताना पाऱ्याने विचारलं, "आत काही नाही म्हणाले ना?" सून म्हणाली, "हो." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. ती पुन्हा हो म्हणाली.

मग मात्र खरी विश्रांती सुरू झाली, बायकोच्या पहाऱ्यात. तिने दुकानातलं काम घरी आणलं. खिडकीजवळ दोन खुर्च्या, एकीवर ती, मांडीवर कोणाची तरी पँट आणि हातात सुई, दुसरीवर पारा. तो उठायला लागला की ती न बघता म्हणायची, "बसा." पाय हलवायला लागला की शिवायच्या कपड्यांचं गाठोडं त्याच्या पायांवर ठेवायची. पाऱ्याच्या जिवाची नुसती घालमेल. इतक्या वर्षांत दुपारचं ऊन घरात कुठून येतं आणि कुठवर जातं हे त्याने कधी बघितलं नव्हतं, ते बघून पाठ झालं.

आतून खरखर यायची. सावकाश येऊन खोलीचं काम करत होता. पाऱ्याने बोलावलं नव्हतं, बायकोने निरोप धाडला होता. तो नाकातोंडावर मास्क चढवून आला, दाराला ओली चादर लावली, भिंतीवर पाणी मारून मगच हात घातला. पारा बाहेरून सूचना देत राहिला आणि सावकाश आतून "हं" म्हणत राहिला.

"तेलातला प्रायमर घेतलास ना?"

"हं."

"डागाच्या बाहेरपर्यंत घे."

"हं. तू वाफ घे."

शेवटी चादर बाजूला करून तो बाहेर आला. "एक हात झाला."

"मग आता रंग..."

"शर्यतीनंतर. पुरता सुकू दे. आणि डाग वर आला तर मी परत येईन, माझ्या घरी काही अडलेलं नाही."

तो गेल्यावर बायकोने सुईत नवा दोरा ओवला. मग पाऱ्याने खिडकीकडे बघत विचारलं, "ते काय बोलायचे गं? शेवटी शेवटी?"

बायकोने दोरा तोडला. "बोलायला श्वास कुठे होता? पाठीवर हात ठेवला की जरा बरं वाटायचं त्यांना. मग मी बसून राहायची. वाटायचं, आता येईल श्वास जागेवर, आता येईल." तिने पँट उलटी करून झटकली. "आलाच नाही."

पाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही, कारण हात उचलला असता तर तिने बघितलं असतं. तिने तरीही बघितलं.

खोकला उतरत गेला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सून समोर बसली आणि म्हणाली, "खोल श्वास घ्या. सोडा. पुन्हा." पाऱ्याने घेतला, सोडला. तिसऱ्या वेळी घशाशी काहीतरी वळवळलं. त्याने सगळी ताकद लावून ते दाबलं, डोळे मोठे झाले, कान तापले. सुनेने त्याच्याकडे निरखून बघितलं. "ठीक आहे," ती म्हणाली. "पहिला अर्धा रस्ता बैलगाडीसारखं जायचं. कोणी पुढे गेलं तर जाऊ द्यायचं." ती आपल्या खोलीत गेल्यावर पाऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन पंच्यात तोंड खुपसलं आणि एकदाच खोकला. वळून बघतो तर बायको.

"सांगू तिला?" ती म्हणाली.

"नको."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "एकदा कळू दे मला," तो म्हणाला. "नाहीतर मी असाच ऐकत बसेन जन्मभर." तिने ओट्यावरचं फडकं उचललं, पुन्हा तिथेच ठेवलं, आणि दिवा घालवला. सांगितलं मात्र नाही.

सकाळी मैदानावर ही गर्दी! रंगीबेरंगी कपडे, पोटऱ्या चोळणारे, जागच्या जागी उड्या मारणारे. अख्खं मैदान पाऱ्याच्या जातीचं. त्याला जरा बरं वाटलं. बायको आणि सून दोरीपलीकडे उभ्या होत्या. शिट्टी झाली आणि लोंढा सुटला.

पाय इतके हलके की जणू दुसऱ्या कोणाचे. सून म्हणत होती ते हेच होतं का, पाय ताजे होणं? ते आपसूक पुढे धावत होते आणि तो त्यांना मागे ओढत होता. बैलगाडी, बैलगाडी. म्हाताऱ्या बाया पुढे गेल्या, जाऊ दिल्या. एक गरगरीत गृहस्थ पुढे गेला, त्याला जाऊ देताना जिवावर आलं. अर्धा रस्ता सरला. छाती गप्प होती.

मग पुलाचा चढ आला. आणि चढाच्या मध्यावर, एवढ्या पावलांच्या आवाजातून, त्याला ती शिट्टी ऐकू आली.

पाऱ्याची पाचावर धारण बसली. आजूबाजूला बरेच जण चालायला लागले होते. चाललं तर कोणी हसणार नव्हतं. पण मग छाती वडिलांची. त्याने पावलं आखडती केली, इतकी की चालणाऱ्यांच्या बरोबरीने जात होता. पण पळत होता. शिट्टी येत राहिली. थांबवता येत नव्हती, तिच्यापासून लांबही जाता येत नव्हतं. ती बरोबरच होती. वर पोचला, उतार लागला, ती जरा बारीक झाली, गेली नाही. शेवटच्या वळणावर सून नाचत ओरडत होती, "बाबा, आलंच!" त्याला ऐकू आलं नाही. त्याला फक्त आतलं ऐकू येत होतं.

रेघ ओलांडली. न थांबता, न चालता. आनंद वगैरे काही झाला नाही. चार पावलं पुढे गेला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला. श्वास मिळेना. पोहरा ओढावा तसा एकेक ओढावा लागत होता आणि अख्खी छाती वाजत होती. संपलं, त्याला वाटलं. वडिलांचीच आहे.

मग त्याच्या लक्षात आलं, तो आवाज एकट्या त्याचा नव्हता. त्याने मान तिरकी करून बघितलं. तो गरगरीत गृहस्थ तसाच वाकलेला. दोन कोवळ्या मुली. एक पिकल्या मिशांचा. सगळे गुडघ्यांवर हात टेकून उभे, आणि सगळ्यांच्या छातीतून तोच आवाज येत होता. पाऱ्याला इतकी वर्षं वाटत होतं, तो आवाज त्या एका खोलीतला आहे.

पाठीवर हात आला. बायको दोरीखालून वाकून आत आली होती. तळवा पसरून, दोन खांद्यांच्या मध्ये, ठेवून उभी राहिली. कुठे ठेवायचा ते तिला नेमकं ठाऊक होतं. दोघंही ऐकत होती.

गृहस्थ शांत झाला. मुली हसायला लागल्या. मिशीवाला पाणी शोधायला गेला. पाऱ्याची शिट्टी लांब लांब होत गेली, मग तुटक झाली, मग एका श्वासात आली आणि पुढच्यात आली नाही. त्याने अजून एक घेतला. आत गेला, बाहेर आला. नुसता श्वास होता.

"आला," ती म्हणाली. "आला हो जागेवर." आणि भर मैदानात, लोकांसमोर, हमसून हमसून रडायला लागली.

सून पाण्याची बाटली घेऊन धावत आली आणि दोघांना बघून जरा अलीकडेच थांबली. बायकोने हात काढला नव्हता. पारा तसाच वाकलेला, आणि तो हात पाठीवर होता तोवर जागचा हलला नाही.